एक विद्यार्थी, साडेपाच गुरुजी

सांगलीत एखाद्याला सांगून बघा, की आमचा मुलगा शाळेत जात नाही. समोरचा माणूस आधी आवाज खाली आणतो. "तब्येतीचं काही आहे काय?" नाही म्हटलं की दुसरा प्रश्न, "मग काढून टाकलं काय शाळेतनं?" तेही नाही म्हटलं की फीची चौकशी होते. तीही शंका फिटली की तो निश्वास टाकून विचारतो, "मग घरात बसून करतंय काय पोरगं?" यावर "आम्ही त्याला घरीच शिकवतो" असं उत्तर दिलं, की त्याचा जीव भांड्यात पडतो. "हां, हां! आम्हीपण शिकवतोय की घरी. शाळा सुटल्यावर. क्लास वेगळा."

विश्रामबागेत आमच्या खालच्या मजल्यावर जे कुटुंब राहतं, त्यांच्या सूनबाईंनी हे संभाषण इतक्या वेळा केलंय की आता त्या पहिल्याच प्रश्नाला सगळी उत्तरं एकदम देऊन टाकतात. "तब्येत चांगली आहे, शाळेशी भांडण नाही, पैशाचा प्रश्न नाही, क्लास लावलेला नाही." ऐकणाऱ्याला वाटतं, एवढं सगळं नाकारतायत म्हणजे नक्कीच काहीतरी आहे.

सूनबाई पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करतात. यजमान कुपवाड एमआयडीसीत असतात. चिरंजीव आठ वर्षांचे. मुलाला घरी शिकवायचं हे खूळ (हा शब्द गुरुजींचा) शिरलं ते २०२० साली. मार्च महिन्यात आमच्याच जिल्ह्यातल्या इस्लामपुरात करोनाचे रुग्ण निघाले आणि अख्ख्या महाराष्ट्राला सांगली जिल्हा नकाशावर सापडला. त्याच सुमाराला शाळा बंद झाल्या. शहरातल्या पहिली ते सातवीच्या पोरांसाठी त्या उघडायला १ डिसेंबर २०२१ उजाडला. मधल्या काळात सगळं राज्यच घरशाळा होतं. सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागायची. घरातल्याच वस्तू घेऊन बालभारतीच्या पुस्तकातलं काहीबाही करून दाखवायचे. चिरंजीव तेव्हा बालवाडीच्या वयाचे, त्यामुळे कार्यक्रम खरं म्हणजे गुरुजीच बघायचे आणि टीव्हीतल्या बाईंच्या चुका काढायचे. पण सूनबाईंच्या मनात तिथंच बी पडलं. राज्यभर सगळ्यांनी नाइलाजानं केलं ते आपण हौसेनं का करू नये?

आता गुरुजींबद्दल सांगितलं पाहिजे, कारण त्यांची पंचाईत सगळ्यात मोठी. गुरुजी म्हणजे सूनबाईंचे सासरे, रयत शिक्षण संस्थेतून निवृत्त झालेले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कर्मवीरांनी कऱ्हाडजवळच्या काल्याला संस्था स्थापन केली, ती पोरं घरातनं बाहेर काढून शाळेत बसवायला. गुरुजींनी उभी नोकरी तेच केलं. मेंढरांमागची, उसाच्या फडातली, चुलीपुढची पोरं उचलून पटावर घेतली. आईबाप आडवे आले तर ओसरीवर ठाण मांडून बसले. आणि आता त्यांचा स्वतःचा नातू कुठल्याच पटावर नाही! पहिल्या दिवशी त्यांनी अन्न घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन हजेरीपट घेऊन आले. तेव्हापासून रोज सकाळी चष्मा लावून, पट उघडून ते एकच नाव पुकारतात आणि समोर मांडी घालून बसलेलं पोरगं "हजर" म्हणतं. एकूण पट एक, उपस्थिती शंभर टक्के. वीसच्या आत पट असलेल्या शाळांचं काय करायचं याची चर्चा सरकारदरबारी अधूनमधून निघते, तेव्हा पेपर वाचता वाचता गुरुजी दचकतात.

कायद्याचं म्हणाल तर शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला शिक्षण मिळालं पाहिजे असं तो ठणकावून सांगतो. ते घरी मिळालं तर चालेल का, यावर मात्र तो देण्याघेण्याच्या बैठकीतल्या नवरदेवाच्या मामासारखा छताकडे बघतो. एक सोय त्यात आहे. मूल कधीच शाळेत गेलेलं नसलं तरी नंतर वयानुसार वर्गात बसवून घ्यावं लागतं. हे कलम गुरुजींनी लाल पेनानं अधोरेखित करून देवघरात ठेवलंय.

त्याच कायद्याच्या परिशिष्टात शाळेचे नियम आहेत. प्राथमिकच्या साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. पहिली ते पाचवीला वर्षाला दोनशे दिवस, आठशे तास. शिक्षकानं आठवड्याला तयारीसकट पंचेचाळीस तास काम करायचं. सूनबाईंनी हे सगळं फ्रिजवर चिकटवलं आणि आमच्या खालच्या मजल्यानं पहिल्याच महिन्यात सगळे निकष ओलांडले, कारण इथं साठ मुलांना दोन नव्हे, एका मुलाला पाच शिक्षक. सूनबाई स्वतः. रात्री आठनंतर आणि रविवारी यजमान. हजेरीपट धरून गुरुजी. स्वयंपाकघरातून वहिनी, म्हणजे आजी. आणि जर्मनीतून व्हिडिओ कॉलवर नणंदबाई. जर्मनीत मुलाला शाळेत न पाठवता घरी शिकवायला बंदी आहे, आईबापांना दंड होतो. हे त्या प्रत्येक कॉलला आधी सांगतात, मग पुढची वीस मिनिटं भाच्याला घरीच जर्मन शिकवतात. मला धरलं तर साडेपाच. मी निवृत्त आहे, वरच राहतो, आणि मला इतिहासाची थोडी आवड आहे.

घरी कामाला येणाऱ्या मावशींना मी गुरुजींत मोजलेलं नाही. त्या विचारल्याशिवाय काही सांगत नाहीत.

सूनबाईंच्या वेळापत्रकात सकाळी नऊ ते दहा 'अनुभवातून गणित' असतं. एकदा भडंगाचा बेत होता. सूनबाईंनी मापाचे कप ओळीनं मांडले, पाव, अर्धा, पाऊण. अपूर्णांक शिकायचे होते. चिरंजीवांनी कप उचलून विचारलं, "आजी, तेल किती?"

"तेल डोळ्यानं घालायचं."

"म्हणजे किती?"

"चुरमुऱ्यानं ओढलं की कळतं."

"अर्धा कप ओढेल की पाऊण?"

"ते चुरमुऱ्याला विचार."

सूनबाई म्हणाल्या, आई, निदान अंदाज सांगा. वहिनी म्हणाल्या, अंदाजच सांगत्येय. तेवढ्यात पावाचा उल्लेख कानावर पडल्यामुळे गुरुजी आत आले आणि त्यांनी पावकी सुरू केली. पावकीनंतर निमकी, निमकीनंतर पाऊणकी, मग सवायकी, दिडकी, अडीचकी. साडेतीनच्या पाढ्याला, म्हणजे औटकीला पोचेपर्यंत कढईतला लसूण काळा झाला. पोरानं मन लावून ऐकलं आणि औटकी कशाला लागते म्हणून विचारलं. गुरुजी म्हणाले, समज, साडेतीन रुपयाला एक वांगं, तर नऊ वांगी कितीला? चिरंजीव म्हणाले, "आजोबा, वांगी किलोवर मिळतात." गुरुजी गप्प बसले. गुरुजी गप्प बसले म्हणजे काय, ते सदतीस वर्षं मास्तर असलेल्या माणसाच्या घरात राहिल्याशिवाय कळायचं नाही.

संख्यांचं तर विचारूच नका. २०१९ साली बालभारतीनं दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक' आणि सत्त्याण्णवला 'नव्वद सात' असं वाचायची रीत दिली आणि राज्यभर रणकंदन माजलं. गणिताच्या समितीवर मंगला नारळीकर अध्यक्ष होत्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं. लिहिताना दोन आधी येतो, बोलताना एक आधी. त्यात ही जोडाक्षरं, पोरांचा गोंधळ होतो. पण ऐकून कोण घेतो? विधानसभेत मुख्यमंत्र्यांच्या आडनावातल्या 'वीस'चं आता काय करायचं इथपर्यंत विनोद गेले. आमच्या खालच्या मजल्यावर ते भांडण अजून मिटलेलं नाही. सूनबाई 'सत्तर पाच' शिकवतात, गुरुजी 'पंच्याहत्तर' म्हणवून घेतात. नणंदबाईंनी जर्मनीतून गुरुजींची बाजू घेतली, कारण जर्मन माणूससुद्धा एक आणि वीस असंच उलटं म्हणतो. त्यावर सूनबाई म्हणाल्या, म्हणूनच त्यांच्या पोरांना सक्तीनं शाळेत घालावं लागत असेल.

भाजीवाल्यापाशी चिरंजीवांनी "सत्तर पाच झाले ना?" म्हटलं, तर तो म्हणाला, "सत्तर का पाच? एक काय ते ठरीव."

या तिढ्यात थोडा उजेड पडला तो मावशींमुळे. त्या जत तालुक्यातल्या, घरी कानडी. त्या फरशी पुसत होत्या आणि पोरगं अंक घोकत होतं. त्यानं विचारलं, मावशी, तुमच्यात एकवीसला काय म्हणतात? "इप्पत्तोंदु." म्हणजे? "इप्पत्तु म्हंजे वीस, ओंदु म्हंजे एक. वीस एक. आमच्यात पयल्यापास्नं असंच." आणि त्या पुढची फरशी पुसायला गेल्या. मंगलाताईंना सांगलीच्या पूर्व भागातून एवढा भक्कम पाठिंबा आहे, हे त्या वेळी कुणी विधानसभेत सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

वाद वाढला की दोन्ही बाजू इतिहासात घुसतात, आणि तिथं मला बोलावलं जातं. सूनबाईंचा हुकमी एक्का म्हणजे रमाबाई रानडे. जन्म १८६२, गाव देवराष्ट्रे, म्हणजे आपल्याच कडेगाव तालुक्यातलं. अकराव्या वर्षी न्यायमूर्ती रानड्यांशी लग्न झालं तेव्हा अक्षरओळख नव्हती. न्यायमूर्तींनी घरीच शिकवलं, आणि त्या बाईंनी पुढं १९१० साली 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' लिहिलं. कुठल्या शाळेत गेल्या होत्या? सूनबाई नेहमी जोडीला सावित्रीबाईही आणतात. जन्म सातारा जिल्ह्यातल्या नायगावचा, धडे जोतीरावांनी घरीच दिले. सातारा-सांगलीच्या मातीतच घरशाळा आहे, असा त्यांचा सिद्धान्त.

गुरुजींनी एका दुपारी या सिद्धान्ताला सुरुंग लावला. "बरोबर आहे. सावित्रीबाई घरी शिकल्या. शिकल्या शिकल्या पहिलं काम काय केलं?"

सूनबाई काही बोलल्या नाहीत.

"शाळा काढली! रमाबाईंनी काय केलं? सेवासदन उभं केलं, पुण्यात! घरी शिकलेला माणूस मोठा झाला की शाळाच काढतो, कारण घरी शिकताना काय हाल होतात ते त्यालाच ठाऊक असतं."

मला विचाराल तर खरा फरक वेगळाच आहे. रमाबाईंना शिकवणारा एक होता आणि बाकी घर विरोधात. त्यांनी हातात पुस्तक धरलं की सासरच्या बायका टोमणे मारायच्या, त्यामुळे त्या रात्री, चोरून, जिद्दीनं शिकल्या. आमच्या चिरंजीवांच्या शिकण्याला घरात एकाचाही विरोध नाही. जो तो शिकवायलाच टपलेला. बिचाऱ्यानं चोरून करायचं काय? मी बघितलंय, जिन्यात बसून तो गुपचूप वाचत असतो आणि पावलं वाजली की पुस्तक शर्टात लपवतो. कॉमिक नव्हे, भूगोल.

एकदा सहल निघाली हरिपूरला. शिक्षक म्हणून गुरुजी आणि मी. सूनबाईंची मीटिंग आयत्या वेळी लागली म्हणून त्या फोनवरून हजर. कृष्णा-वारणेचा संगम बघितला. गुरुजींनी कृष्णेचा उगम सांगितला, मी गोविंद बल्लाळ देवल याच गावचे हे सांगितलं, त्यावरून 'शारदा'वर गेलो, तिथून मागं १८४३ च्या सीतास्वयंवरावर, आणि विष्णुदास भाव्यांपाशी येईपर्यंत पोरगं खडे मारून पाण्यात टप्पे मोजत होतं. मग आम्ही त्याला हळदीची पेवं दाखवायला नेलं. जमिनीत खोल खोदलेला कोठा, वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड. पूर्वी सांगलीच्या बाजारातली हळद वर्षानुवर्षं यात राहायची. २००५ च्या पुरात बरीचशी पेवं गेली.

पेवाच्या तोंडाशी चिरंजीव उकिडवे बसले. पहिल्यांदाच त्यांनी आपण होऊन काही विचारलं, "आत किडा कसा लागत नाही?"

झालं. गुरुजींनी "कीटकांचे चार वर्ग" म्हणून बोट वर केलं. मी पुराचं राहिलेलं सांगायला लागलो. फोनमधून सूनबाई ओरडल्या, "त्याला उत्तर देऊ नका, त्याला शोधू द्या!" शेजारी पोतं टाकून एक म्हातारा हमाल बसला होता, तो तंबाखू मळता मळता म्हणाला, "आत वारं नसतंय रं बाळा. किडा जगंल कशावर? पेव उघडल्या उघडल्या कुणी उतरत न्हाई आत. माणूस बी ऱ्हायचा न्हाई." पोरानं मान डोलावली. घरी येऊन त्यानं वहीत पेवाचं चित्र काढलं. कोठा, हळद, तोंड, बाजूला तंबाखू मळणारा म्हातारा, सगळं झकास. आणि लांब कोपऱ्यात तोंडं उघडी असलेली दोन माणसं. खाली लिहिलं होतं, 'आजोबा आणि वरचे काका.'

वजाबाकी मात्र त्याला कुणालाच शिकवावी लागली नाही. ते खातं सांगलीत आयर्विन पुलाकडं आहे. १९२९ चा पूल, इशारा पातळी चाळीस फूट, धोका पंचेचाळीस. २०१९ ला पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं होतं. ऑगस्टात पाऊस लागला की शाळेतलं काय आणि घरातलं काय, सांगलीचं प्रत्येक पोरगं सकाळी उठून पातळी विचारतं आणि पंचेचाळीसमधून वजा करतं. कोयना एकशेपाच टीएमसीची, तिच्यातून किती क्युसेक सोडलं आणि ते आपल्याकडं कधी पोचणार, ही काळ-काम-वेगाची गणितं इथं आज्याही तोंडी सोडवतात.

पाहुणे हा वेगळाच परीक्षाविभाग. शाळेतल्या पोराला पाहुणा फक्त "कितवीला?" विचारतो आणि बिस्किट खातो. शाळेत न जाणाऱ्याची तो खोलात जाऊन तपासणी करतो. सतरा साते? ताजमहाल कुणी बांधला? छत्रीचं इंग्लिश स्पेलिंग? काही पाहुणे तर निकालही तिथंच जाहीर करतात. चिरंजीवांनी यावर स्वतःच एक उत्तर बसवलंय. कितवीत म्हटलं की ते सांगतात, "गणितात पाचवी, मराठीत तिसरी, आणि अक्षर बालवाडीत." खरी परीक्षाही देता येते म्हणा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीची प्रमाणपत्रं आहेत. सूनबाईंनी माहिती मागवली आहे. गुरुजींनी ती वाचली आणि 'तिथं हजेरी नाही' एवढा एकच आक्षेप घेतला.

मग भोंग्याचं प्रकरण झालं. कडेगाव तालुक्यातल्याच मोहित्यांचे वडगावानं २०२२ च्या ऑगस्टात असं ठरवलं, की रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजवायचा आणि दीड तास घरोघर टीव्ही-मोबाइल बंद. पोरांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं, बोलायचं. साडेआठला परत भोंगा, की सगळं चालू. गाव तीनेक हजार वस्तीचं, पण ही बातमी बीबीसीपर्यंत गेली. सूनबाईंनी ती जुनी बातमी गुरुजींना वाचून दाखवली आणि घराच्या इतिहासात पहिल्यांदाच सासरा आणि सून यांचं शिक्षणविषयक एकमत झालं. भोंगा नव्हता, म्हणून वहिनींनी सात वाजता कुकर लावायचा आणि तिसऱ्या शिट्टीला सगळ्यांचे फोन टोपलीत, असं ठरलं.

मी पहिल्या संध्याकाळी मुद्दाम खाली गेलो. तिसरी शिट्टी झाली. यजमानांनी फोन टोपलीत ठेवला आणि दोन मिनिटं मोकळ्या हाताकडे बघत बसले. वहिनींची मालिका नेमकी ऐन साखरपुड्यात आलेली, त्या धुसफुसत येऊन बसल्या. सूनबाई, गुरुजी, मीही. हातात काही नाही, डोळ्यांसमोर काही नाही. मधोमध चटईवर तो आठ वर्षांचा जीव परिसर अभ्यासाचं पुस्तक उघडून बसलेला. हळूहळू पाचही जणांच्या नजरा त्याच्यावर स्थिरावल्या.

"पाठ ताठ," गुरुजी म्हणाले.

"पुस्तक जवळ धरू नकोस."

"मनात वाच."

"मोठ्यानं वाचलेलं लक्षात राहतं."

"ते कुठलं पान? आम्हाला तेव्हा वेगळं होतं."

वडगावच्या पोरांना दीड तास शांतता मिळत असेल, कारण तिथं प्रत्येक घरात मोठ्यांना आपापली कामं असतात. इथं पाच बेकार मास्तर आणि एक पान. तीन-चार संध्याकाळी पोरानं सोसलं. मग एका दिवशी सातला पाच मिनिटं कमी असताना त्यानं आपण होऊन टीव्ही लावला, आवाज मोठा केला आणि आजीच्या हातात रिमोट दिला. बाबांना क्रिकेटची मॅच काढून दिली. आजोबांपुढे पेपरातलं शब्दकोडं आणि पेन्सिल ठेवली. आईचा लॅपटॉप चार्जिंगला लावून उघडून ठेवला, त्यात मेल येऊन पडलेल्याच होत्या. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, पण कुणी मोजल्या नाहीत. चिरंजीव पुस्तक घेऊन जिना चढून माझ्याकडे आले आणि गॅलरीत भिंतीला टेकून वाचत बसले.

मी दहा मिनिटं दम धरला. मग खुर्ची जवळ ओढून विचारलं, "काय वाचतोयस रे? किल्ले का? रायगडाचं तुला सांगतो बघ..."

त्यानं पुस्तकात बोट घालून मिटलं, माझ्याकडे बघितलं आणि फार मायेनं विचारलं, "काका, तुमचा मोबाइल कुठाय?"